माइक, कूलर आणि सतरंजी

अकोटातल्या आमच्या बारा बाय बारा फुटांच्या खोलीत होम थिएटर आलं. सोबत एक चिमुकला माइक. तो सोफ्यावर ठेवायचा, बटण दाबायचं. यंत्र फुईं-फुईं करून खोलीचे सगळे दोष म्हणे आपोआप सुधारतं. महिना मे. पडद्यावर तक्रार उमटली : खोलीत आवाज फार आहे. म्हणजे कूलर! तो बंद करून, घामाघूम होत मोजमाप उरकलं. मग कूलर लावून सिनेमा पाहिला.

पण मधोमध ठेवलेल्या सोफ्यावर 47 हर्ट्‌झच्या आसपासचा ठेका गायबच. 12 फुटांत त्या सुराची बरोबर अर्धी लहर मावते : भिंतीशी दणका, मध्यावर शुकशुकाट. यंत्रानं तिथं जोर वाढवला. 12 डेसिबल वाढवायचे तर अ‍ॅम्प्लिफायरला सोळापट ताकद लागते, आणि खड्डा तरी भरत नाही. जेवढं ओतावं तेवढं परतलेल्या लाटेशी कटतं. उघड्या फरशीचा घुमारा तर त्याच्या गणितात मावतच नाही.

आजी दारातून बघत होती. "त्या डब्याच्या काहून मांगं लागला रे बापा? खाली सतरंजी टाक न!"

अकोटच्या सुती सतरंज्या जुन्या काळापासून नावाजलेल्या, आणि आम्ही फरशी चकचकीत ठेवून घुमारा माइककडून पुसून घ्यायला निघालो होतो! दोन सतरंज्या अंथरल्या, भिंतीला कापसाची गादी टेकवली, सोफा तीन फूट मागे सरकवला. ठेका परतला.

माइक कोणाला हवा असेल तर घेऊन जा. कूलर मात्र मागू नका.