काचा वर, तरी चव्हाट्यावर

गाडी आपली, हप्ते आपले, काचाही वर. पण ती फाटकाबाहेर आली की कायद्याच्या लेखी चावडी! बिहारच्या दारूबंदीच्या खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक ठिकाणातच मोजली. एप्रिल 2021मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गाडीत एकट्या बसलेल्या चालकालाही मास्क लावायला सांगितले, तेही याच न्यायाने. संसर्ग कोणाला, स्टिअरिंगला? फेब्रुवारी 2022मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाला हा नियम हास्यास्पद वाटला आणि सरकारने तो गुंडाळला.

कायद्याच्या लेखी वस्तूंचे हाल वेगळेच.

छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल खायचे की डोक्याला लावायचे? केरळात त्यात केळ्याचे वेफर्स तळतात. आपल्याकडे थंडीत गोठलेली बाटली उन्हात ठेवून चंपीची वाट बघतात. प्रश्न अर्थातच कराचा. वर्षानुवर्षांच्या खटलेबाजीनंतर 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: लेबलवर केसांचे तेल म्हटले नसेल, तर बाटली लहान असली तरी ते खाद्यतेलच.

तीनच दिवसांनी जैसलमेरला जीएसटी परिषदेने पॉपकॉर्न चघळायला घेतले. तेव्हाचा हिशेब असा होता: खारे सुटे 5 टक्के, पाकीटबंद 12, आणि कॅरमेल लागले की मिठाई, म्हणून 18.