पत्ते वाटा, खेळू नका

गोव्यात डिचोलीची एखादी मुलगी मित्राबरोबर मये तळ्याकाठी बसली, तर बिस्किटांचा पुडा फुटायच्या आत कोणीतरी मामा थांबून विचारतोच, "कोणाची गो तू?" तेच दोघे मोरजीच्या उंच भिंतीमागच्या रिसॉर्टात शिरले तर विचारणारा कोणी नाही. तिथे मॅनेजर "मॅडम" म्हणतो. मोकळीक आमच्याकडेही मिळते, फक्त तिच्यावर जीएसटी लागतो. आश्वेच्या वाळूचंही तेच. किनारा सगळ्यांचा, डेक बेडवर टेकलात की मेनूकार्ड आलंच.

पण भिंतीच्या आत जुगाराच्या टेबलावर आपलाच माणूस दिसला की समाजाला कापरं भरतं. त्याचा बंदोबस्त सरकारने केलाय. 1976 च्या जुगारबंदी कायद्यात (हो, कॅसिनोला वाट करून दिली ती याच कायद्यात) 2012 साली दुरुस्ती झाली आणि गोवेकराला कॅसिनोचं दार बंद झालं. अंमल सुरू झाला 1 फेब्रुवारी 2020 ला. मधली सात-आठ वर्षं आमचे संस्कार अधिसूचनेची वाट बघत बसले होते. आता दारावर ओळखपत्र बघतात. पत्ता सुरतेचा असेल तर या शेठ. साखळीचा असेल तर घरी जा बाबा, आई जेवायची थांबली असेल. नोकरीला मात्र बंदी नाही. साखळीच्या पोराने टेबलामागे उभं राहून रात्रभर पत्ते वाटले तर तो बाटत नाही. टेबलासमोर बसला की बाटतो. लायसन्स फी तर त्याहून सोवळी, थेट तिजोरीत जाते.

मांडवी नदीतले कॅसिनो मोपा विमानतळाकडे हलवायची भाषा सरकार अधूनमधून करतं. तिथून जवळच्या धारगळला तर एका कॅसिनो कंपनीचा 'डेल्टिन टाऊन'चा प्रस्तावच आहे: हॉटेलं, कॅसिनो, वॉटर पार्क. जमीन तिळारी धरणाच्या लाभक्षेत्रातली. कालव्याचं पाणी शेतात यायचं होतं. आता घसरगुंडीवरून येईल. 2024 च्या डिसेंबरात धारगळलाच सनबर्न हा संगीत महोत्सव झाला. गावातून विरोध झाला, कोर्टकचेरी झाली, मग तिकीट काढलेले आत आणि धारगळकर बाहेर राहून तोच ढणढणाट फुकट ऐकत बसले.

कायदा म्हणतो, गोवेकराने कॅसिनोत जायचं नाही. कॅसिनोने गोवेकराच्या गावात यायचं की नाही, याबद्दल कायदा गप्प. तर मग धारगळच्या वेशीवर ओळखपत्र कोणी तपासायचं, पंचायतीने की कंपनीने? आणि कोणाचं?