कॅरेटकाका

पनवेलमध्ये सोनं घ्यायला निघालेल्या माणसानं कॅरेटकाकांना चुकवून जावं. रसायनीच्या एका कारखान्यातून व्हीआरएस घेतल्यापासून त्यांचा मुक्काम जुन्या पनवेलच्या सराफी दुकानांपुढं असतो. अंगावर सोनं म्हणाल तर लग्नातली एक अंगठी, तीही बोटात रुतून बसली म्हणून राहिलेली. पण सोन्याचा इंग्रजी शब्द कानावर पडला, की काकांनी तो कसाला लावलाच. 'एक ग्रॅम गोल्ड'ची पाटी दिसली की आत जाऊन विचारणार, "यात ग्रॅम कुठाय? मुलामा म्हणा ना!"

व्हीआरएसला ते 'गोल्डन हँडशेक' म्हणतात. "शेकहँड झाला, गोल्डन कुठाय?" असं काकूंनी विचारलं, की वाक्प्रचार आणि धातू यांतला फरक सांगायला लागतात.

'गोल्ड' आणि 'गोल्डन' यांत तर काका तडजोडच करत नाहीत. गोल्ड ती धातूची वस्तू, गोल्डन तो नुसता रंग. शेजारच्या वहिनींची साखळी चोरट्यांनी खेचली, तेव्हा धीर द्यायला काका पोलीस ठाण्यात गेले. वहिनी रडत म्हणाल्या, "माझी गोल्डन चेन..." काका ताडकन उठले. "हवालदारसाहेब, गोल्डन लिहू नका! उद्या बेंटेक्सची होती म्हणतील!"

हवालदारांनी मान वर केली नाही. "काका, आम्ही मराठीत लिहितो. सोन्याची साखळी, दीड तोळा. बसा."

भाचीचं प्री-वेडिंग शूटिंग वडाळे तलावावर होतं. "गोल्डन अवर आहे, पटकन उभे राहा," फोटोग्राफर ओरडला. काकांनी त्याला बाजूला घेतलं. अपघातानंतरचा पहिला तास तो गोल्डन अवर. २०१९च्या दुरुस्तीनं तो मोटार वाहन कायद्यातसुद्धा आला. तुमचा तो दुसरा, ऊन कलतानाचा. दोन्हींत वेळ दवडायचा नसतो, हे त्याला नीट पटेपर्यंत सूर्य बुडाला.

गेल्या अक्षय्य तृतीयेला काकू जुनी मोड घेऊन पाटल्या करायला गेल्या. काकांनी भिंग काढलं. एचयूआयडीची सहा अक्षरं-आकडे दोनदा वाचले आणि सुरू झाले, "हॉलमार्क! लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये माल नेऊन शिक्का मारून घ्यायचा, १४७८ पासून. म्हणून हॉलमार्क. कॅरेट म्हणजे मुळात एका शेंगेतली बी, आपल्याकडं गुंज तशी. सोन्याचं कॅरेट शुद्धता सांगतं. चोवीसांत बावीस भाग, म्हणून हजारात ९१६. हिऱ्याचं कॅरेट मात्र वजन, २०० मिलिग्रॅम. आता बुलियन म्हणजे..."

मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. एका बाईंच्या कडेवरचं पोर झोपलं. सराफांनी हळूच विचारलं, "घडणावळ सांगू का?"

"मेकिंग चार्जेस!" काका म्हणाले. "त्यात पण गंमत आहे..."

काकूंनी पाटल्या तबकात ठेवल्या. "अहो, इंग्रजीत ते सायलेन्स इज गोल्ड म्हणतात, की गोल्डन?"

"गोल्डन!" काकांचा चेहरा खुलला. "जर्मन म्हण, इंग्रजीत आणली कार्लाइलनं. आता सायलेन्सला धातू नसून गोल्डन का, तर..."

"भाऊ," काकू सराफांकडं वळल्या, "यांचं होईपर्यंत तुम्ही बिल करून घ्या."