जीपीएलकाका

पंप बंद पडला की आमची सोसायटी प्लंबरला बोलावते, लिफ्ट अडकली की वॉचमनला. जीपीएलकाकांना बोलवावं लागत नाही. कुणाच्याही मोबाइलवर 'आय अ‍ॅग्री'चं बटण उगवलं की ते हजर. आपण ते बटण दाबतो तसं, जशा मंगलाष्टकात अक्षता टाकतो : नवरानवरी दिसत नाहीत, भटजी काय म्हणतायत कळत नाही, पण हात चालू. काका मात्र चष्मा कपाळावर चढवून पहिल्या कलमापासून वाचतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असतो, हे खरं. पण नोकरीत असतानाही ते वाचतच होते म्हणे.

"फुकट नव्हे, मुक्त!" हे सॉफ्टवेअरबद्दलचं त्यांचं तुणतुणं; 'जीपीएल' हे त्याच मुक्ततेचं लायसन्स, त्यावरून त्यांचं नाव. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबलेले, त्यामुळे १९८३ साली ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केल्यापासून रिचर्ड स्टॉलमन खुलासेच करत हिंडले. मराठीत दोन सुटे शब्द आहेत, म्हणजे आपल्याकडे प्रश्न मिटायला हवा. काकांनी आमच्या सेक्रेटरींना पाऊण तास समजावलं. शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, "थोडक्यात, पैसे पडत नाहीत ना?" काका म्हणाले, "पडतीलही, पण..." आणि बाजी तिथेच गेली.

त्यांची स्वातंत्र्यं चार, पण मोजणी शून्यापासून. हवं तसं चालवण्याचं शून्यावं, उघडून बदलण्याचं पहिलं, वाटण्याचं दुसरं, बदललेलं वाटण्याचं तिसरं. त्यामुळे 'तिसऱ्यावर घाला आलाय' असं काका कळवळून सांगतात, तेव्हा ऐकणारा भलत्याच स्वातंत्र्यासाठी हळहळतो.

पूर्वी त्यांचा सात जणांचा गट होता. महिन्यातून एकदा इराण्याकडे जमायचे. तो फुटला तो नावावरून : 'लिनक्स' की 'ग्नू-लिनक्स'? काकांचं म्हणणं, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा दिला, कबूल. पण संसाराची भांडीकुंडी ग्नूवाल्यांची. नुसतं लिनक्स म्हणणं म्हणजे वरातीत घोड्याचा जयजयकार करून नवरदेवाला विसरणं. चौघे एका टेबलावर राहिले, तिघे पलीकडच्या. वेटर एकच. पुढे २०१९ मध्ये वादग्रस्त वक्तव्यांनंतर स्टॉलमनना आपल्याच संस्थेतून राजीनामा द्यावा लागला आणि २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा काकांच्या टेबलाचेही दोन तुकडे झाले. त्या विषयावर काका बोलत नाहीत. चहा ढवळत राहतात. साखर घेत नाहीत, तरी.

"ही तर भाऊबंदकी," मी एकदा म्हणालो.

"फोर्क म्हण, फोर्क! भाऊबंदकीत शेत अर्धं होतं रे. इथे दोघांनाही अख्खं शेत मिळतं. लिब्रेऑफिस बघ, २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालं."

शेत अख्खं मिळतं, पण गडी वाटले जातात, त्याचं काय? ओपनऑफिसचे बहुतेक गडी नव्या शेतावर गेले. हे काका सांगत नाहीत.

न्यायनिवाडे त्यांना आरतीसारखे पाठ. लाडका खटला अमेरिकेतला, खेळण्यातल्या आगगाड्यांचा. छंदिष्टांनी मिळून गाड्या चालवायचा प्रोग्राम लिहून मुक्त ठेवला होता. एका धंदेवाल्याने त्यातल्या फायली उचलल्या आणि लेखकांची नावं गाळून आपल्या मालात घातल्या. २००८ साली अपील कोर्टाने सांगितलं की पैसे न घेता दिलं म्हणून अटी पोकळ होत नाहीत. त्या मोडल्यास तो कॉपीराइटचाच भंग. हे सांगताना काकांच्या तोंडून शिट्टी वाजायचीच बाकी असते.

पण लायसन्सचं कलम आपल्या पायांनी चालत जात नाही. कुणीतरी पत्र टाकावं लागतं. सोसायटीने क्लबहाउससाठी राउटर घेतला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, मुंगीएवढ्या अक्षरांत काकांना जीपीएलची लेखी हमी सापडली : मागाल त्याला सोर्स कोड मिळेल, तीन वर्षांपर्यंत. काकांनी मागितला. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, राउटर बंद करून पुन्हा चालू करावा.' दुसऱ्या पत्रानंतर नवी वायर आली. तिसऱ्यानंतर एक माणूस आला आणि त्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केला.

मी हसलो. "हस," काका म्हणाले. "लिंक्सिसचा निळा राउटर असाच होता. लोकांनी तगादा लावला म्हणून २००३ मध्ये त्याचा कोड बाहेर आला आणि त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं." काकांच्या माळ्यावरचा भंगारातला राउटर त्यावरच चालतो. क्लबहाउसचा गेल्या पावसाळ्यात बसला, तेव्हा सेक्रेटरींच्या नातीची ऑनलाइन परीक्षा त्याच भंगारावर पार पडली. पैसे पडले नाहीत.

त्या लेखी हमीची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर काकांनी त्या तारखेला लाल गोल केलाय. शेजारच्याच चौकोनात काकूंचं अक्षर आहे : 'गॅस'.