पऱ्हाटीतले खेळाडू

सप्टेंबर लागला की दोन हंगाम एकदमच रंगात येतात. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीचा. तिकडचा गडी मैदानात उतरतो तो डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे जाळी, खांद्यांवर जाडजूड पॅड असा जामानिमा करून. तासाभराच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम 11 मिनिटं. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं हेल्मेट निघालं, तर खेळ तिथेच थांबवायचा असा नियम आहे. इकडचा गडी पऱ्हाटीत शिरतो तो पाठीवर 15-16 लिटरचा पंप, तोंडाला दुपट्टा, अंगात विटका सदरा आणि अनवाणी पाय अशा थाटात. त्याचा सामना सकाळी सुरू होतो आणि ऊन कलल्यावर संपतो. मध्येच नोझल तुंबलं तर ते तोंडाने फुंकून मोकळं करायचं, हा त्याचा टाइमआऊट.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. कीटकनाशके नियम, 1971 मधला 39 वा नियम वाचला तर अमेरिकी खेळाडूलाही हेवा वाटेल. अंग झाकणारा बाह्य पोशाख, टोपी, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी मोजे, धूळरोधक चष्मा, बूट, सारं त्यात आहे. 40 वा नियम त्यावर श्वसनयंत्र चढवतो. म्हणजे रोजमजुराचा साज कागदावर गेली पन्नासहून अधिक वर्षं तयार आहे. फक्त तो शिवून द्यायचा कुणी, हा प्रश्न शेतकरी, कृषी केंद्र, कंपनी आणि कृषी खातं एकमेकांकडे पास करत बसले आहेत. या खेळात पास फार सुंदर होतात, गोल मात्र कुणावरच होत नाही.

2017 च्या हंगामात याचा हिशेब झाला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा पिकावर कमी आणि माणसाच्या तोंडावर जास्त उडत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात पोचली. मग विशेष तपास पथक नेमलं गेलं. हंगाम उतरणीला लागल्यावर, नोव्हेंबरात, पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी आली. 60 च का? तर राज्य सरकारला कायद्याने एका वेळी तेवढीच मुभा आहे. विषाची मुदत बाटलीवर वर्षांत छापतात, बंदीची दिवसांत. पुढे संरक्षक किट वाटपाचे कार्यक्रम झाले आणि किट घेणाऱ्याच्या आधी किट देणाऱ्याचा फोटो पेपरात आला.

आता शहाणी माणसं म्हणतील, किट दिली तरी हे लोक घालतच नाहीत. अगदी खरं. चिकचिकत्या दमट उन्हात, छातीएवढ्या पिकात, प्लास्टिकचा कोट आणि मास्क चढवून दिवसभर पंप वाहून पाहावा, म्हणजे का घालत नाहीत ते कळतं. गंमत अशी की हे जागतिक आरोग्य संघटनेला आणि अन्न व कृषी संघटनेला कधीच कळलं आहे. त्यांची संयुक्त आचारसंहिता सांगते की ज्या कीटकनाशकासाठी गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते टाळावं. विशेषतः उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी. म्हणजे पोशाख अंगावर टिकत नसेल, तर दोष अंगाचा नसून बाटलीचा आहे.

फुटबॉलवाले हे शंभर वर्षांपूर्वीच शिकले. मैदानावर पोरं मरू लागली, तेव्हा 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. 1906 मध्ये खेळाचे नियमच बदलले, झुंडीने अंगावर जाण्याला आळा घातला आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी दिली. व्यावसायिक लीगमध्ये हेल्मेटची सक्ती आली ती 1943 मध्ये. आधी खेळ बदलला, 37 वर्षांनी टोपी आली. आपण खेळ तसाच ठेवून टोपीच वाटत बसलो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फवारलं नाही तर बोंडअळी पीक खाईल आणि शेतकरी उपाशी मरेल. पण गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती आत सुखरूप असते, विष बाहेरच्या माणसाला मिळतं. तिला आवरायला कामगंध सापळे लावणं, निंबोळी अर्क वापरणं आणि फरदड न घेता पीक वेळेवर काढणं, हे उपाय शास्त्रज्ञ कधीपासून सांगताहेत. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच इशारा दिला होता, आपली बंदी निघाली 2023 मध्ये. सापळ्यावर दुकानदाराला मार्जिन कमी पडतं, तेव्हा सल्ला बाटलीचाच मिळणार. अर्थात सगळीच फवारणी बंद करा असं कुणी म्हणत नाही. जे अंगभर चिलखताशिवाय हाताळता येत नाही तेवढं तरी आमच्या शिवारात पाठवू नका, एवढंच म्हणणं आहे.

यासाठी एक स्वस्त चाचणी सुचवतो. नव्या औषधाला नोंदणी देण्याआधी कंपनीच्या संचालकांनी आणि मंजुरीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी 39 व्या नियमाचा संपूर्ण पोशाख आणि 40 व्या नियमाचं श्वसनयंत्र घालून, सप्टेंबरच्या उन्हात, यवतमाळच्या पऱ्हाटीत भरला पंप दिवसभर चालवावा. औषधाची गरज नाही, पंपात साधं पाणी चालेल. ज्याने दुपारच्या आत मास्क काढला, त्याची बाटली बाद.