फिरत्या घरातील पर्जन्य
अमेरिकेतील सुखवस्तू गृहस्थ निसर्गसान्निध्याच्या लालसेने मोटारीमागे ओढावयाचे जे फिरते घर खरेदी करतो, त्याच्या छपराच्या सांध्यांतील लुकण उन्हाने तडकून निसर्ग जेव्हा पर्जन्यरूपाने आपणहून आत येतो, तेव्हा त्याचे आदरातिथ्य मात्र होत नाही. खिडकीशेजारी तांबूस डाग उमटतो. यजमान त्यावर तसबीर लावून प्रकरण दाखलदफ्तर करतात. पुढे कधी भिंतीचा तो पातळ प्लायवूडचा तक्ता उचकटला, की जिच्या भरवशावर ही वास्तू महामार्गावरून धावत होती ती लाकडी चौकट बोटाने कुस्करता येते, आणि पाणी शिरलेले असते ते भलतीकडेच, छपराच्या कोपऱ्यातून. कुजके कापणे, उरलेले वाळविणे, नवी चौकट जडविणे, सांध्यांत ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी भरणे, हा राजमार्ग कंटाळवाणा खरा. म्हणून कित्येक सुज्ञ नुसता रंग फासून, ‘क्वचित वापरलेले’ अशा शेऱ्यानिशी ते घर दुसऱ्या निसर्गप्रेमिकाच्या हवाली करतात.