जावईबापूंची शिकार

मालेगावला हरणाच्या शिकारीला येणारा माणूस हल्ली बंदूक आणत नाही, बायको आणतो. भाऊबीजेला बायको माहेरी आली की हा बरोबर येतो, आणि आल्याबरोबर गाडीच्या डिकीतून एक काळी पेटी काढतो. पेटीत कॅमेरा असतो आणि त्याला लावायची लेन्स असते. ती इतकी लांब की सासूबाई पहिल्या दिवशी तिला थर्मास समजून चहा भरायला आत नेतात.

बंदुकीचं दार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद केलं. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसतं. मारलं तर तीन ते सात वर्षं आत आणि किमान 25 हजार दंड. शिवाय 1998 साली जोधपूरजवळ झालेल्या काळविटाच्या शिकारीचा खटला टीव्हीवर इतकी वर्षं गाजला, की आमच्याकडे पारावर पत्ते कुटणाऱ्यालाही काळविटाची कलमं वकिलाइतकी पाठ आहेत. तेव्हा जावईबापू मारत नाहीत, ‘टिपतात’. पण चाल, दबा, कुजबूज आणि नंतरच्या बाता सगळं जुन्या शिकाऱ्याचंच.

जुन्या शिकाऱ्याचं एकच त्यांनी घेतलेलं नसतं, ते म्हणजे आधी रान पाहून येणं. तशी पूर्वतयारी म्हणाल तर दांडगी. पुण्यातल्या सोफ्यावर बसून त्यांनी उपग्रहाच्या नकाशावर मालेगाव तालुका इंच इंच चाळलेला असतो. पहिल्या खेपेला तो नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा चाळला होता, ते समृद्धी महामार्गावर गाडी घातल्यावर बायकोनं लक्षात आणून दिलं. आमचं मालेगाव जहांगीर, वाशीम जिल्ह्यातलं. नावात जहांगीर असूनही पार्सलं नाशिकला जातात, तिथे जावयाचा काय दोष.

तर नकाशात त्यांना मेडशीच्या बाजूला एक मोकळं मैदान सापडतं. त्यावर ते लाल टाचणी रोवतात. ‘परफेक्ट ग्रासलँड!’ ते मैदान म्हणजे गुरं चरायची सरकारी ई-क्लासची जमीन, आणि तिला लागून वावरं. चित्र उन्हाळ्यातलं. दिवाळीत तिथे काय असेल हे साळ्याला विचारलं असतं तर त्यानं दोन वाक्यांत सांगितलं असतं : सोयाबीन सोंगून झालं, मळणीचा हडंबा चालू आहे, आणि तूर छातीला लागलीय. पण साळ्याला विचारायचं तर मग अॅप कशाला घेतलं?

“भाऊजी, म्हाताऱ्याले इचारून घेऊ का? तो बकऱ्या घेऊन रोज तिकडंच राह्यते.”

“नको रे. लोकल लोकांचं ऑब्झर्व्हेशन सायंटिफिक नसतं.”

साळा गप्प बसतो. मला या शिकारीतली खरी गंमत इथेच वाटते. सासुरवाडीत जावयाला ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. मीठ जास्त झालं तर त्यांना भाजी खारी लागते, कमी झालं तर त्यांची जीभ पारखी. वारा उलटा आहे, हे कोण सांगणार? सासरा म्हणतो, “पाहून या बा, एवढे आले तं.” सासूबाई पुरचुंडीत करंज्या बांधून देतात. मेव्हणी विचारते, “काळ्या हरणाचा फोटो आणाल ना?” सगळं घर मान डोलावतं. एकट्या हरणाला कळत नाही की हा जावई आहे.

ज्यांनी हे रान खरोखर वाचलं त्यांची रीत निराळी होती. याच भागातले फासेपारधी शिकवलेला बैल पुढे घालायचे आणि त्याच्या आडोशानं कळपापर्यंत सरकायचे. कुठल्या वाटेवर फास मांडायचा हे ठरवण्याआधी वाट पाहून ठेवलेली असायची. या लोकांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का पुसायला 1952 उजाडावं लागलं. त्याच काळातल्या साहेबांच्या बंदुकीची मात्र पुस्तकं निघाली. त्याही आधी अकबराकडे शेकडो शिकारी चित्ते होते. पण जगातल्या सगळ्यात वेगवान जनावरालासुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधून, बैलगाडीत बसवून कळपाजवळ न्यावं लागे, कारण काळवीट बैलगाडीला भीत नाही. गाडीवान गाणं म्हणत गेला तरी मान वर करून पाहतं आणि पुन्हा चरायला लागतं. ते बिचकतं उतरून थांबणाऱ्या माणसाला. आणि त्यातही वाकून चालणाऱ्याला, कारण वाकून चालणाऱ्याच्या मनात काहीतरी आहे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सासऱ्यानं बैलगाडी जुंपायची तयारी दाखवलेली असते. जावईबापू हसतात.

पहाटे मोठी गाडी पांदणीत शिरते, चिखलात रुतते, आणि साळा व त्याचे दोन मित्र ती ढकलतात. उजाडताना जावईबापू टाचणीपाशी पोचतात. अंगात लष्करी रंगाचं हिरवंगार जाकीट. चहूकडे सोंगलेलं पिवळं रान, त्यात मैलावरून उठून दिसणारं तेवढंच एक झुडूप. अंगावर मारलेला सुगंध वाऱ्याबरोबर त्यांच्याआधी पुढे गेलेला. पलीकडे हडंब्याचा धडधडाट, कुटाराचा ढग. जावईबापू ओठांवर बोट ठेवून साळ्याला गप्प करतात. हडंब्याला कोण करणार?

मग ते धुऱ्याआड पालथे पडून कोपरांवर सरकू लागतात. पहिला सराटा उजव्या कोपरात घुसतो. ‘हं’ असा दबका आवाज. दुसरा गुडघ्यात. मागून साळा एका हातात करंज्या, दुसऱ्या हातात भाऊजींची चप्पल घेऊन सरळ ताठ चालत येतो, कारण भाऊबीजेचे नवे कपडे मातीत लोळवायला त्याला आईनं बंदी केलेली असते.

आणि हरीण दिसतं, हे नाकारून चालणार नाही. आमच्याकडे हरीण न दिसणं अवघड. तुरीच्या कडेला पाठीनं काळा, पोटानं पांढरा नर, पीळदार शिंगं पाठीकडे कललेली, आणि मागे सात-आठ पिंगट माद्या. तो थेट लेन्समध्ये पाहतो. जावईबापू श्वास रोखतात, बटण दाबतात. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीनं ठरवतो की महत्त्वाची आहे ती समोरची तुरीची फांदी. फांदीवरची पिवळी फुलं, फुलावरची अळी, अळीच्या अंगावरची लव असं सगळं लख्ख येतं. मागे एक काळसर डाग. तो नीट व्हायच्या आत कळप चौखूर उधळतो, आणि पुढचे सगळे फोटो पाठमोरे.

धुऱ्यावर बकऱ्यांचा म्हातारा उभा असतो. त्याला कोणी काही विचारलेलं नसतं, तरी तो सांगतो, “त्या काळ्याची लेंड्या टाकायची जागा त्या बोरीखाली हाये. रोज येते. तिथी बसले असते तं तोच आला असता.”

“हो, ते माझ्या लक्षात आलं होतं,” जावईबापू म्हणतात.

रात्री ओसरीवर बैठक भरते. शिंगं जेवणाआधी हातभर असतात, जेवणानंतर दीड हात. सासरा मन लावून ऐकतो. दुपारी जावईबापू झोपले असताना तोच कळप त्याच्या कोवळ्या हरबऱ्यात उतरला होता, आणि धोतर खोचून, डबा बडवत त्यानं तो हाकलला होता. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, ही माहिती जावयानं सकाळीच पुरवलेली असते. पाहुणे राहतात तिकडे आणि पंगतीला बसतात इकडे, एवढंच सासऱ्याच्या मनात येतं. पण सणासुदीला जावयासमोर तो ते काढत नाही.

“पुढच्या दिवाळीला ड्रोन आणतो,” जावईबापू जाहीर करतात. “वरून कळप शोधायचा. मग कोणाला विचारायचीच गरज नाही.”

ओसरीवर पहिल्यांदाच कोणीतरी मनापासून खूश होतं.

“आणाच,” सासरा पुढे सरकत म्हणतो. “अन् येताना टाकीवाला आणजा, जवाईबापू. तुरीवर अळी लय झाली.”